नेतेमंडळी, तुमचं बोलणं आमच्या वर्गापर्यंत पोचतं

प्रति,
निवडून आलेल्या, पडलेल्या आणि पुढच्या वेळी उभं राहायची तयारी करत असलेल्या सगळ्या नेतेमंडळींना

सप्रेम नमस्कार.

मी आठवीच्या मुलांना शिकवते. माझा कुठलाही पक्ष नाही, कुणाकडून काही काम करून घ्यायचंय म्हणूनही लिहीत नाहीये, मत मात्र आजवर एकदाही चुकवलं नाही आणि तेवढ्याच हक्कानं हे पत्र लिहितेय. हे कुणा एकाला उद्देशून नाही, त्यामुळे रोख कोणावर आहे याचा अंदाज बांधत बसू नका. ज्याच्या हातात माइक आहे आणि ज्याच्या सहीनं दुसऱ्याचं काम होतं नाहीतर अडतं, त्या प्रत्येकासाठी आहे. मागणं एकच आहे, बोलताना आणि सही करताना थोडी माणुसकी असू द्या.

गेल्या महिन्यात वर्गात जे झालं ते आधी सांगते, कारण पत्र लिहायचं ठरलं ते त्यामुळेच.

माझ्या वर्गात एक मुलगा बोलताना अडखळतो. हुशार आहे, गणितं तोंडी सोडवतो, पण ‘प’ किंवा ‘क’ ने सुरू होणारा शब्द आला की ओठ घट्ट मिटतात, मान किंचित उजवीकडे जाते, पुस्तकाच्या कडेवर दाबलेला अंगठा पांढरा पडतो आणि मग तो शब्द एकदम सुटतो. वर्गाला याची सवय होती. कुणी सांगितलं नव्हतं तरी मुलं थांबायची, कुणी खिडकीबाहेर बघायचं, कुणी वहीवर रेघोट्या मारायचं, आणि शब्द सुटला की सगळे परत पुस्तकात. मला त्या थांबण्याचं फार कौतुक वाटायचं.

त्या दिवशी तो अडला आणि मागून दोन बाक सोडून एकानं तोच शब्द ताणून ताणून म्हटला, वर एक हात हवेत उडवला. अख्खा वर्ग खदाखदा हसला. मला क्षणभर कळेचना की या मुलांना झालं काय. मग लक्षात आलं, तो हात, तो ताणलेला आवाज, ही नक्कल मी बघितलेली आहे. दोन दिवसांपूर्वी एका मोठ्या नेत्यानं भर सभेत विरोधकाच्या बोलण्याची नक्कल केली होती, समोरची गर्दी शिट्ट्या मारत होती आणि ती क्लिप सगळ्यांच्या फोनवर फिरत होती. माझ्याही फोनवर आली होती. मी ती घरी बघितली होती आणि हसलेही होते, हे मी इथे लपवणार नाही.

नक्कल करणाऱ्या मुलाला मधल्या सुट्टीत बाजूला घेतलं. मुलगा वाईट नाहीये हो, घरी आजीचा हात धरून चालवणारा मुलगा आहे. रडायलाच लागला. म्हणाला, "मॅडम, त्या व्हिडिओत तर सगळेच हसत होते, मोठी माणसं पण." यावर काय बोलायचं? मी बोलले काहीतरी, पण ते मलाच पटत नव्हतं. आणि ज्याच्यावर हसले तो "मी नंतर वाचतो" म्हणून जो खाली बसला तो तीन आठवडे वाचायला उठला नाही.

तुम्ही म्हणाल सभेत थोडं मीठमसाला लावून बोलावं लागतं, लोकांना तेच आवडतं, त्याचं एवढं काय मनावर घ्यायचं. मला मान्य आहे की लोकांना आवडतं, मीच हसले म्हणजे आवडतंच. पण सभेत तुम्ही जे बोलता ते मैदानात राहत नाही. जे मोठ्या माणसानं केलं ते करायला हरकत नाही असं लहानांना वाटतं आणि फक्त लहानांनाच वाटतं असंही नाही.

याच अडखळण्यावरून एक गोष्ट आठवते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जो बायडन लहानपणी अडखळत बोलायचे. 2020 साली प्रचारात त्यांना असाच अडखळणारा एक शाळकरी मुलगा भेटला, तेव्हा त्यांनी त्याला आपल्या भाषणाचा कागद दाखवला, कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा याच्या खुणा केलेला. पुढे त्याच मुलानं त्यांच्या पक्षाच्या अधिवेशनात सगळ्या देशासमोर व्हिडिओवर भाषण केलं, अडखळत केलं, पण पूर्ण केलं. बायडन यांचं राजकारण तुम्हाला पटो न पटो, मला त्यात पडायचंच नाही. मला तो कागद महत्त्वाचा वाटतो. आपलं जे उणं आहे, जे आयुष्यभर झाकत आलो, ते एका पोराला धीर यावा म्हणून उलगडून दाखवायचं, याला किती वेळ लागला असेल? पाच मिनिटं?

आता शब्दाचं बोलते, कारण मी भाषाच शिकवते. मी तुमच्याकडे जे मागतेय त्याला कुणी ‘दया’ म्हणेल, पण तो शब्द मला थोडा अडचणीचा वाटतो. दया म्हटलं की कुणीतरी वर उभा आहे आणि खालच्याच्या ओंजळीत काहीतरी टाकतोय असं चित्र डोळ्यासमोर येतं. मला म्हणायचंय ते तसं नाही. आपल्याकडे ‘कळवळा’ म्हणतात, ‘जिव्हाळा’ म्हणतात, साधं ‘माणुसकी’ म्हणतात, त्याच्या जवळचं काहीतरी. समोरच्याला काय होत असेल हे क्षणभर आपल्याला होऊन बघणं आणि मग बोलणं, मग सही करणं. एवढंच. मदतीचे बॉक्स वाटताना काढलेला फोटो मी यात धरत नाही, कारण त्या फोटोत घेणाऱ्याची मान बहुतेक वेळा खाली असते आणि ते बघवत नाही.

दुसरी गोष्ट माझ्या वडलांची. त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला, उजवा हात नीट चालत नाही. एका ऑफिसात त्यांची सही लागणार होती, स्वतः हजर राहून करायची. गेलो. पहिल्या काउंटरवरच्या माणसानं मान वरसुद्धा न करता सांगितलं की सही रेकॉर्डशी जुळत नाही, नवीन फॉर्म भरा, उद्या या. मी सांगत होते की हात चालत नाही म्हणूनच जुळत नाही, तर म्हणे, "नियम आहे, मी काय करू." वडील तिथेच उभे, भिंतीला धरून, आणि मला जास्त लागलं ते हे की ते माझ्याकडे बघून म्हणाले, "जाऊ दे, माझ्यामुळेच तुला त्रास." ज्या माणसानं पस्तीस वर्षं नोकरी केली, घर उभं केलं, त्याला आपण म्हणजे कटकट आहोत असं वाटायला लागलं, एका न उचललेल्या मानेमुळे.

दुसऱ्या दिवशी त्याच काउंटरवर एक बाई होत्या. त्यांनी वडलांना बघितलं, उठल्या, आतली खुर्ची स्वतः उचलून बाहेर आणली. फॉर्म पॅडला लावला, पॅड वडलांच्या मांडीवर ठेवलं, कागद सरकू नये म्हणून एका बोटानं दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं दाखवलं, "काका, इथे. सावकाश. कशी येईल तशी येऊ दे." सही झाली, वेडीवाकडी. मग त्यांनी शेजारी लिहिलं की आजारामुळे सहीत बदल, माझ्यासमोर केली, आणि खाली स्वतःची सही ठोकली. नियम तोच होता. म्हणजे त्या नियमात अशी सोय आधीपासून होती, आदल्या दिवशीच्या माणसाला ती माहीत नव्हती किंवा शोधायला वेळ नव्हता.

वेळ नव्हता, यावर मी नंतर बराच विचार केला, कारण सुरुवातीला मला त्या माणसाचा नुसता संताप आला होता. तुम्हाला एक प्रयोग सांगते. अमेरिकेत प्रिन्स्टनमध्ये 1973 साली जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. धर्मगुरू होण्याचं शिक्षण घेणारे 40 विद्यार्थी घेतले. त्यांना एक छोटं भाषण द्यायला शेजारच्या इमारतीत पाठवलं आणि काहींचा विषय तर वाटेत पडलेल्या जखमी परक्याला मदत करणाऱ्या माणसाची बायबलमधली गोष्ट हाच होता. वाटेत एका दारात एक माणूस वाकून, खोकत, कण्हत बसवला होता. काहींना सांगितलं होतं की भरपूर वेळ आहे, काहींना सांगितलं की तुम्हाला उशीर झालाय, पळा. ज्यांना वेळ होता त्यातले 63 टक्के थांबले. ज्यांना घाई होती त्यातले 10 टक्के. मदतीवर भाषण द्यायला निघालेली माणसं मदत मागणाऱ्याच्या शेजारून निघून गेली. त्यांची मनं दगडाची होती म्हणून नाही, उशीर झाला होता म्हणून.

हे वाचल्यावर मला तो पहिला माणूस आठवला. त्याच्या पुढे किती जणांची रांग होती, त्या दिवशी दोघांचं काम तो एकटा करत होता का, दिवसाला किती फॉर्म झाले याचा हिशोब त्याला कुणाला द्यायचा होता, मला माहीत नाही. त्याचं वागणं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. पण नेतेमंडळी, त्याची घाई कुणी ठरवली? एका काउंटरवर किती माणसं, एका नर्सकडे किती पेशंट, एका वर्गात किती मुलं, हे सगळं तुमच्या टेबलावर ठरतं. वर बसून तुम्ही रिकाम्या जागा भरत नाही आणि मग खाली माणसं एकमेकांवर खेकसतात, आणि आपण म्हणतो हल्ली लोकांमध्ये माणुसकी राहिली नाही. माणुसकीला वेळ लागतो हो. मान वर करायला दोन सेकंद लागतात, खुर्ची आणायला मिनिट लागतं, आणि ते मिनिट कुणाकडे शिल्लक ठेवायचं हे तुमच्या हातात आहे.

आणि नियम कसा लिहायचा हेही तुमच्याच हातात आहे. नेदरलँड्समध्ये काय झालं ते तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. तिथे पाळणाघराच्या खर्चासाठी पालकांना सरकारी भत्ता मिळतो. फसवणूक रोखायची म्हणून नियम इतके कडक लावले की कागदावर एखादी सही राहिली, आपल्या वाट्याची थोडी रक्कम भरायची राहिली, तरी मिळालेला सगळाच्या सगळा भत्ता परत मागायचा. थोडी चूक म्हणजे थोडी वसुली असं नाही, सगळी. वीस हजारांहून जास्त कुटुंबं यात भरडली गेली, लोकांची घरं गेली, संसार मोडले, आणि ज्यांच्याकडे दोन देशांचं नागरिकत्व होतं त्यांच्याकडे जास्त संशयानं बघितलं गेलं. डिसेंबर 2020 मध्ये संसदेच्या समितीचा अहवाल आला, त्याच्या नावाचाच अर्थ होतो ‘कधी नव्हे असा अन्याय’, आणि 15 जानेवारी 2021 ला अख्ख्या सरकारनं राजीनामा दिला. यात कुणी सभेत कुणाची नक्कल केली नाही, कुणी शिवी दिली नाही. सगळं शांतपणे, पत्रं पाठवून, नियमाप्रमाणे. मला ही जास्त भीतीदायक गोष्ट वाटते. कारण शिवी देणारा निदान दिसतो तरी. चुकलेला माणूस आणि लबाड माणूस यात फरक करायची जागा ज्या कायद्यात ठेवलेली नसते, तो कायदा लिहिणाऱ्यानं सही विसरलेल्या आईचा चेहरा कधी डोळ्यासमोर आणलेला नसतो.

चेहरा डोळ्यासमोर आणायचा म्हणजे काय, ते बघायचं असेल तर शिवाजी महाराजांचं 1673 चं पत्र काढून वाचा. चिपळूणजवळ पावसाळ्यासाठी तळ ठोकलेल्या लष्कराच्या अंमलदारांना लिहिलेलं. तुमच्यापैकी पुष्कळांच्या भाषणात महाराजांचं नाव येतं म्हणून मुद्दाम सांगते. ते लिहितात की दाणावैरण आत्ताच उधळलीत तर भर पावसात मिळणार नाही, जनावरं मरतील, मग तुमची माणसं रयतेच्या घरात शिरतील, कोणी दाणे आणेल, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी, आणि मग जे कुणबी जीव धरून राहिलेत तेही उठून जातील, त्यांना वाटेल यांच्यापेक्षा मोगल बरे. पुढे आणखी बारकाईनं लिहितात, की गवताच्या गंजीजवळ कुणी चूल पेटवेल, कुणी चिलीम ओढेल, रात्री दिवा तसाच ठेवाल आणि उंदीर जळती वात ओढून नेईल, मग सगळंच जळेल. हे वर्गात सांगते तेव्हा मुलं अगदी गप्प होतात. उंदरापर्यंत विचार केलेला असतो हो त्यात. एवढं राज्य चालवणारा माणूस, मोहिमा, किल्ले, खजिना सगळं डोक्यात, आणि त्याच डोक्यात एका कुणब्याच्या घरातली भाजी आणि एका दिव्याची वात. मी ज्याला माणुसकी म्हणतेय ती हीच. तिथे गोड बोलणं अजिबात नाही, उलट चांगला दम भरलाय, पण तो दम स्वतःच्या ताकदवान माणसांना भरलाय, कमजोर माणसासाठी.

तुम्ही रागावूच नका असं मी कधीच म्हणणार नाही. राग यायलाच हवा. प्रश्न असतो तो रागात हातून काय सुटतं याचा. अमेरिकेच्या यादवी युद्धात, जुलै 1863 मध्ये गेटिसबर्गची लढाई जिंकूनही जनरल मीडनं शत्रूचं सैन्य नदीपार निसटू दिलं, तेव्हा राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन प्रचंड चिडले होते. त्यांनी मीडला एक लांबलचक पत्र लिहिलं, तुमच्या हातात आलेली संधी तुम्ही घालवलीत असं स्पष्ट. आणि ते पाठवलंच नाही. त्यांच्या मृत्यूनंतर कागदपत्रांत सापडलं, पाकिटावर त्यांच्या हातानं लिहिलं होतं की कधी पाठवलं नाही, सही केली नाही. अहो, तेव्हा पत्र पोचायला वेळ लागायचा तरी हा माणूस थांबला. आज तुमच्या अंगठ्याखाली बटण आहे आणि ते दाबलं की लाखो लोकांपर्यंत पोचतं आणि त्यातले हजारभर लोक लगेच त्या माणसाच्या मागे लागतात, त्याच्या बायकोला, मुलीला घाण कमेंट करतात. तुम्ही नुसतं एक वाक्य लिहिलेलं असतं. म्हणून लिहा, राग येईल तेवढं लिहा, आणि रात्रभर ठेवून द्या.

त्याच लिंकननी पाठवलेलं एक पत्रही आहे. 23 डिसेंबर 1862. दहा दिवसांपूर्वी फ्रेडरिक्सबर्गला त्यांच्या सैन्याचा मोठा पराभव झालेला, मंत्रिमंडळात भांडणं लागलेली, आणि हा माणूस बसून एका मुलीला पत्र लिहितोय जिचे वडील लढाईत गेले. ओळखीतले होते. ते लिहितात की तुला आत्ता खरं वाटणार नाही की तुला कधी बरं वाटेल, पण वाटेल, हे मी स्वतः अनुभवलंय म्हणून सांगतो. ना तिचं मत मिळणार होतं, ना कुणी फोटो काढणार होतं.

तुमच्यातल्या अनेकांच्या मनात आत्ता आलं असेल की बाई, हे सगळं ठीक आहे, पण मऊ माणसाला राजकारणात कोणी टिकू देत नाही, लोकांना खंबीर नेता लागतो. हा मुद्दा मी उडवून लावत नाही, कारण यावर मी स्वतःशी खूप भांडलेय. न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न बघा. 15 मार्च 2019 ला ख्राइस्टचर्चमध्ये दोन मशिदींवर हल्ला झाला, 51 माणसं गेली. त्या दुसऱ्या दिवशी तिथे पोचल्या, डोक्यावर ओढणी घेऊन घरच्यांना भेटल्या, लोकांना जवळ घेतलं. संसदेत म्हणाल्या की हल्लेखोराचं नाव माझ्या तोंडून कधी येणार नाही. हे झालं मन. पण त्याच्याच जोडीला, महिनाही उलटायच्या आत, 10 एप्रिलला तशा बंदुकांवर बंदी घालणारा कायदा त्यांच्या संसदेनं 119 विरुद्ध 1 मतानं मंजूर केला. आता सांगा, ही बाई मऊ की खंबीर? मला तर ते दोन वेगळे गुण वाटतच नाहीत. रडणाऱ्या माणसाला खरंच जवळ घेतलं असेल तर उद्या परत असं होऊ नये म्हणून काहीतरी करावंच लागतं, नाहीतर ते जवळ घेणं खोटं.

त्यांच्या बाबतीत दुसरी बाजूही सांगायला हवी. कोविडच्या काळात त्या रोज लोकांना एकमेकांशी मायेनं वागा असं सांगायच्या, आणि त्याच वेळी सीमा इतक्या घट्ट बंद होत्या की बाहेर अडकलेल्या त्यांच्याच नागरिकांना घरी परत यायला क्वारंटीनची खोली मिळेपर्यंत थांबावं लागत होतं, आणि शेवटी शेवटी तर त्या खोल्यांसाठी लॉटरीसारखी पद्धत होती. 2022 मध्ये तिथल्या हायकोर्टानंही म्हटलं की त्या पद्धतीत काही नागरिकांच्या परत येण्याच्या हक्कावर अन्याय झाला. निर्बंधांमुळे जीव वाचले हेही खरं. पण जो माणूस परदेशात अडकून पडला होता त्याला टीव्हीवरचं ‘मायेनं वागा’ कसं लागलं असेल? माया शब्दात असेल आणि अर्ज करायच्या खिडकीवर नसेल तर लोकांना ती जास्त लागते. जानेवारी 2023 मध्ये त्यांनी पद सोडायचं जाहीर केलं तेव्हा कारण सांगितलं की आता माझ्यात पुरेशी ताकद उरली नाही. हे असं उघड बोलायलाही मला वाटतं हिंमत लागते.

आणि विरोधकांशी माणसासारखं वागण्याची किंमत मोजावी लागते हेही मला मान्य. ऑक्टोबर 2008 मध्ये अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदासाठी बराक ओबामांच्या विरोधात उभे असलेले जॉन मॅकेन यांच्या सभेत एक बाई माइकवर म्हणाली की मला ओबामांवर विश्वास नाही, ते अरब आहेत. मॅकेन यांनी तिच्या हातातून माइक घेतला, म्हणाले, नाही बाई, ते एक सभ्य, कुटुंबवत्सल गृहस्थ आहेत, त्यांच्याशी माझे मूलभूत मुद्द्यांवर मतभेद आहेत इतकंच. त्या सभेत ओबामांबद्दल चांगलं बोलल्याबद्दल त्यांच्याच लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. पुढच्या महिन्यात ते निवडणूक हरले. (अरब असणं म्हणजे जणू सभ्य नसणं, असं त्या उत्तरातून निघतं अशी टीकाही झाली आणि ती मला योग्यच वाटते.) तरी माझ्या डोळ्यासमोर तो हात येतो, स्वतःच्याच मतदाराच्या हातातून माइक काढून घेणारा. 2018 मध्ये मॅकेन गेले तेव्हा त्यांच्या अंत्यविधीला ओबामा बोलले, मॅकेन यांनीच तसं सांगून ठेवलं होतं. तुमच्यापैकी किती जणांच्या बाबतीत असं होईल? खरंच विचारतेय.

नेल्सन मंडेलांचं उदाहरण मी देणार नव्हते, कारण ते इतकं मोठं आहे की ऐकणारा म्हणतो ते महात्मे, आम्हाला कुठलं जमणार. पण एक छोटी गोष्ट सांगतेच. ज्या खटल्यात त्यांना 1964 मध्ये जन्मठेप झाली त्यात सरकारी वकील होते पर्सी युटार. 27 वर्षं तुरुंगात काढून, राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, 1995 मध्ये मंडेलांनी या युटारना दुपारच्या जेवणाला बोलावलं. जेवायला बोलावणं, बस. त्यासाठी काही महात्मा असावं लागत नाही. तुमच्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्या विरोधी पक्षाच्या माणसाची आई आजारी असेल तर तिची चौकशी करता येते, आणि मला माहीत आहे तुमच्यातले बरेच जण कॅमेरा बंद झाल्यावर ती करतातही, एकमेकांच्या घरच्या कार्यांना जाता, हसून बोलता. मग कॅमेरा चालू असताना ते का लपवता? आम्ही खाली तुमच्यासाठी भावाभावांत बोलणं टाकलेलं असतं, मित्रांचे ग्रुप फुटलेले असतात. वर तुमचं सगळं व्यवस्थित असतं आणि खाली माणसं तुटतात, हे मला पचत नाही.

आमच्याकडे बोट दाखवाल तर दाखवा, ते मी आधीच मान्य केलंय. टाळ्या आम्ही वाजवतो, शिट्ट्या आम्ही मारतो, ती क्लिप पुढे आम्ही पाठवतो. सभ्य बोलणाऱ्या उमेदवाराला आम्हीच ‘काही दम नाही याच्यात’ म्हणतो. म्हणून मी माझ्यापुरतं एक केलंय, कुणाचीही चेष्टा करणारी क्लिप आली, मग ती माझ्या नावडत्या माणसाची का असेना, पुढे पाठवत नाही आणि पाठवणाऱ्याला साधं लिहिते की मला ही आवडली नाही. दोघंतिघं रुसले. एका मैत्रिणीनं मात्र फोन करून सांगितलं की मलाही आवडली नव्हती, पण सगळे हसत होते म्हणून अंगठा दिला. किती जण असे असतील, नुसते अंगठे देणारे.

वर्गातही एक केलं. ज्या मुलानं नक्कल केली होती त्याला शिक्षा केली नाही. त्याला म्हटलं, उद्यापासून तू त्याच्या शेजारी बस. दोघंही पहिले दोन दिवस दगडासारखे. मग गणिताच्या तासाला याला काही येईना आणि त्यानं वही सरकवली. आता मधल्या सुट्टीत एकत्र असतात. काय बोलतात माहीत नाही, बोलणं संपायला वेळ लागतो एवढं दिसतं, आणि तो दुसरा थांबलेला असतो.

या शनिवारी शाळा सुटताना अडखळणारा मुलगा टेबलापाशी आला. बराच वेळ ओठ मिटलेले होते, मी फळा पुसत राहिले. मग म्हणाला, "मॅडम, सोमवारी मी वाचू?" मी विचारलं कुठला धडा, तर त्यानं बोट ठेवलं तो परिच्छेद ‘प’ नेच सुरू होतो. शेजारचा दारात दप्तर घेऊन उभा होता, त्याची वाट बघत.

रविवारी संध्याकाळी तुमच्यापैकी कुणाची ना कुणाची सभा असणारच आहे. त्यातला जो तुकडा फिरेल तो सोमवारी सकाळी प्रार्थनेच्या आधी माझ्या मुलांपर्यंत आलेला असेल. तिसऱ्या तासाला मराठी आहे.

आपली,
आठवीची एक वर्गशिक्षिका